मुलं मोठी झाली, आता मी काय करू? स्वयंसेवेतून व्यवसायापर्यंतचा रस्ता



मागच्या आठवड्याच्या व्हिडिओत मी या विषयाला हात घातला, पण बारा मिनिटांत तो काही बसला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. चहा घेऊन बसा आणि शेजारी वही-पेन ठेवा.

माझ्या बॅचला येणाऱ्या निम्म्याहून जास्त ताई पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलतात. "मॅडम, दहा वर्षं घरीच होते, मला काही येत नाही." मग मी विचारते, घरी काय काय केलंत? तेव्हा कळतं की कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चाळीस ड्रेस जमवलेत, कुणी गणपतीत दीडशे माणसांचा महाप्रसाद रांधलाय, कुणी सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब सांभाळलाय. पण हे सगळं "असंच केलं" या खात्यात पडून आहे. त्याची नोंद नाही, पुरावा नाही, आणि त्यातून पुढे काय करायचं याचा विचारही कधी केलेला नाही.

आजचा धडा त्यावरच आहे. फुकट केलेलं काम तुम्हाला व्यवसायापर्यंत नेऊ शकतं. मात्र ते आपोआप नेत नाही. काम निवडून घेतलं, लिहून ठेवलं आणि वेळेवर थांबवलं, तरच नेतं. यातलं तिसरं मी चुकले. आधी तेच सांगते.

माझी गोष्ट, थोडक्यात

२००९ ला बीबीए केलं, पुढच्या वर्षी लग्न, मग दोन मुलं. नोकरी अशी केलीच नाही. २०१९ च्या जूनमध्ये धाकटा पहिलीत गेला आणि सकाळी अकरा ते पाच घर रिकामं झालं. काहीतरी करायचं होतं, पण काय ते कळत नव्हतं.

ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून अंदाज घ्या. आमचं घर उंचावर होतं म्हणून वाचलं. पाणी उतरायला लागल्यावर मी जवळच्या मदत केंद्रावर गेले. पोळ्या लाटायला गेले होते खरी, पण तिथे पोळ्या लाटणारे हात भरपूर होते. कोपऱ्यात कपड्यांचा डोंगर पडला होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. मी तिथे बसले.

तीन-चार दिवसांत लक्षात आलं की मुलांची दप्तरं, वह्या, गणवेश सगळं चिखलात गेलंय. मी एक रजिस्टर केलं. मुलाचं नाव, शाळा, इयत्ता, काय हवंय. दोनशेच्या वर मुलं झाली. एका ट्रस्टने सोलापूरहून गणवेश मागवले. (शालेय गणवेश शिवणाऱ्यांचं सोलापूर हे मोठं केंद्र आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.) गठ्ठे आले, उघडले, आणि कितीतरी मुलांना कपडे होईनात. कारण काय, तर माझ्या रजिस्टरमध्ये इयत्ता होती, माप नव्हतं. सहावीतल्या दोन मुली शेजारी उभ्या केल्या तर एक दुसरीपेक्षा वीतभर उंच असते. माल परत करून पुन्हा मागवण्यात पंधरा दिवस गेले. तेवढे दिवस ती पोरं घरच्या कपड्यात शाळेला गेली.

ती चूक माझी होती. दुसऱ्या खेपेला मी टेप घेऊन बसले. छाती, उंची, कंबर. आज माझं दुकान या एका गोष्टीवर चालतं: आम्ही शाळेत जाऊन माप घेतो, इयत्तेवरून साइज ठरवत नाही.

फुकटच्या कामातून नेमकं काय मिळतं?

"अनुभव मिळतो" असं सगळे म्हणतात. अनुभव म्हणजे काय, ते सुटं करून बघू. तीन गोष्टी मिळतात.

१. धंद्याची आतली बाजू दिसते. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला फक्त दुकानाचा काउंटर दिसतो. काम करताना मागचं गोदाम दिसतं. माल कुठून येतो, किती दिवसांत येतो, कुठे अडकतो, काय उरतं. मला कळलं की गणवेशाचा सगळा खेळ मे-जूनच्या पाच-सहा आठवड्यांचा आहे. हेही कळलं की जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेश सरकारी योजनेतून मिळतात, म्हणजे माझ्यासारख्या छोट्या दुकानदाराचं गिऱ्हाईक मुख्यतः खासगी शाळांत आहे. ही दोन वाक्यं मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती.

२. तुम्हाला काम करताना पाहिलेली माणसं मिळतात. ओळख वेगळी आणि हे वेगळं. लग्नात भेटलेली बाई तुम्हाला ओळखते. पण भर उन्हात शाळेच्या व्हरांड्यात साठ मुलांची मापं घेताना ज्या मुख्याध्यापिकेने तुम्हाला पाहिलंय, ती पुढच्या वर्षी फोन करते.

३. स्वतःची परीक्षा होते, आणि तीही स्वस्तात. दुकान टाकून मग कळलं की हे काम आपल्याला आवडत नाही, तर डिपॉझिट, फर्निचर, माल सगळं अंगावर. बॅचमधल्या एका ताईंना पाळणाघर काढायचं होतं. मी त्यांना आधी दोन महिने एका बालवाडीत मदत करायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "मला स्वतःची मुलं आवडतात हो, दुसऱ्यांची नाही." आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण त्यांचे लाख-दीड लाख वाचले.

कोणतं काम, कोणत्या व्यवसायाकडे?

मनाला वाटलं म्हणून केलेली सेवा चांगलीच आहे, ती जरूर करा. पण त्यातून व्यवसाय काढायचा असेल तर काम निवडून घ्यावं लागतं. काही जोड्या देते.

• शाळा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. म्हणजे तुमच्यासाठी जागा कायद्यानेच ठेवली आहे! खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. इथून पुढे शिकवणी, स्टेशनरी, गणवेश, मुलांचे कार्यक्रम, अशा वाटा निघतात.

• मंडळाचा महाप्रसाद, देवळातला भंडारा. केटरिंगकडे जायचं असेल तर चुलीपुरतं थांबू नका. याद्या करा. किती पानांना किती तांदूळ भिजवला, किती उरला, गॅसचे किती सिलिंडर लागले. घरचा स्वयंपाक आणि दोनशे पानांचा स्वयंपाक यांतला फरक हाताच्या चवीचा नसतो, अंदाजाचा असतो.

• सोसायटीचा हिशेब. ज्यांना आकडे जमतात त्यांच्यासाठी ही खाण आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्याआधी हिशेब, ऑडिट, नोटिसा असं सगळं येतं, आणि समितीवरच्या नोकरदार माणसांना वेळ नसतो. एका सोसायटीचं एक वर्ष नीट सांभाळलंत की पुढच्या तीन सोसायट्यांचं काम पैसे घेऊन करता येतं.

• बचत गट. गटाची वही लिहायची जबाबदारी घ्या. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री म्हणजे छोट्या धंद्याची शिस्तच आहे. ग्रामीण भागात 'उमेद' अभियानात समूह संसाधन व्यक्ती म्हणून काम करणाऱ्या बायकांना मानधनही मिळतं.

• ज्येष्ठ नागरिक संघ, रुग्णांना मदत. इथून पथ्याचे डबे, दवाखान्यात सोबत, औषधं पोहोचवणं अशा सेवा सुचतात. मात्र रुग्णाला हात लावण्याचं काम रीतसर प्रशिक्षणाशिवाय करू नका.

एक इशारा. नफ्यासाठी चाललेल्या दुकानात किंवा ऑफिसात "शिकायला या, पगार नंतर बघू" असं म्हणून कुणी महिनोन्‌महिने राबवत असेल, तर त्याला स्वयंसेवा म्हणत नाहीत. तिथे पगार मागा किंवा नमस्कार करून निघा.

माझी मोठी चूक: थांबायचं कधी, हे ठरवलं नाही

आता त्या ट्रस्टची पुढची गोष्ट. पुराचं काम संपल्यावर त्यांनी विचारलं, दरवर्षीचं शालेय साहित्य वाटप तुम्ही बघाल का? मी आनंदाने हो म्हटलं. २०२० ला लॉकडाउन होता, तरी वह्या घरोघरी पोहोचवल्या. २०२१ ला पुन्हा पूर आला, पुन्हा उभी राहिले. म्हणजे तीन वर्षं.

एका रात्री मी जेवणानंतर याद्या करत बसले होते. नवऱ्याने शांतपणे विचारलं, "वहीवाल्याला पैसे मिळतात?" म्हटलं हो. "टेम्पोवाल्याला?" हो. "मग या सगळ्या साखळीत फुकट कोण आहे?"

मला राग आला. रात्रभर झोप नाही आली, कारण उत्तर मला माहीत होतं. पेट्रोल माझं, मोबाइलचा रिचार्ज माझा, मे महिन्यात मुलं आजीकडे पाठवायची तीही मीच. सेवा म्हणून सुरू केलेलं काम आता पूर्ण वेळेची नोकरी झालं होतं आणि पगार नव्हता. शिकण्यासारखं जे होतं ते पहिल्या वर्षातच शिकून झालं होतं.

दिवाळीनंतर मी ट्रस्टकडे गेले. म्हटलं, पुढच्या वर्षीपासून हे काम मी ठराविक मानधनावर करेन. उत्तर आलं, "ताई, सेवेत पैसे कसले?" मी नमस्कार केला आणि रजिस्टर त्यांच्या हाती देऊन बाहेर पडले. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. पण आज मी त्यांना दोष देत नाही. तीन वर्षं मीच त्यांना फुकटची सवय लावली होती.

म्हणून माझ्या बॅचमध्ये आता हा नियम आहे: फुकट काम सुरू करण्याआधी शेवटची तारीख लिहायची. माझा आकडा तीन महिने, म्हणजे साधारण १२० तास. दिवसाला तीन तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर हे आठ आठवड्यांत होतात. सणवार, आजारपण धरून तीन महिने. त्या तारखेला तीनच पर्याय: पैसे घेऊन पुढे चालू, किंवा नवी जबाबदारी घेऊन नवं काही शिकणं, किंवा थांबणं. "बघू पुढे" हा चौथा पर्याय नाही.

आणि हे पहिल्याच दिवशी संस्थेला सांगायचं. "मी ऑगस्टअखेरपर्यंत आठवड्याला पंधरा तास येईन, मला खरेदी आणि साठ्याचं काम शिकायचं आहे." असं स्पष्ट बोललेलं चांगल्या संस्थांना आवडतं. ज्यांना आवडत नाही, त्यांचं उत्तर तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळालं!

वहीत काय लिहायचं?

रोज झोपण्याआधी पाच ओळी. जास्त नको, नाहीतर चौथ्या दिवशी वही बंद होते.

१. आज काय काम केलं, किती तास?
२. कोणत्या वस्तूचा किंवा सेवेचा भाव कळला?
३. काय अडलं, आणि कसं सुटलं?
४. कोण नवीन भेटलं, ते काय करतात?
५. आज माझ्या खिशातून किती गेले?

पाचवी ओळ टाळू नका. "फुकट" काम आपल्याला फुकट पडत नाही. महिन्याला बाराशे-पंधराशे जात असतील तर ती तुमची फी आहे. फी भरतोय म्हणजे शिकणं झालंच पाहिजे.

काम संपताना संस्थेकडून लेटरहेडवर पत्र मागा. "यांनी उत्तम सहकार्य केले" एवढं लिहिलेलं पत्र फाइलमध्ये पडून राहतं. त्यात काम लिहून घ्या: किती मुलांचं साहित्य, किती रकमेची खरेदी, किती दिवसांत वाटप. मजकूर तुम्हीच तयार करून न्या, म्हणजे त्यांना सही करणं सोपं जातं.

पहिली ऑर्डर, खरा हिशेब

२०२२ च्या एप्रिलमध्ये एका मुख्याध्यापिकांचा फोन आला. पुराच्या वेळी त्यांनी माझं टेप-रजिस्टर पाहिलं होतं. त्यांच्या शाळेत साइजच्या तक्रारी होत्या. ६० सेटची ऑर्डर मिळाली. आकडे जसेच्या तसे देते.

एक सेट मला पडला ४२० ला, विकला ५०० ला. कागदावर नफा ८० गुणिले ६०, म्हणजे ४,८०० रुपये. प्रत्यक्षात ५६ सेट विकले गेले, नफा झाला ४,४८०. त्यातून सोलापूरचा प्रवास आणि मालवाहतूक १,१००, नऊ सेटचं अल्टरेशन ९००, पॅकिंग ३००. उरले २,१८०. आणि त्यातले १,६८० रुपये कपाटात, न विकलेल्या चार सेटच्या रूपात! हातात रोख आले ५०० रुपये.

पाचशे रुपये. पण ते घेऊन मी घरी आले तेव्हा जी चाल होती ना माझी, ती काही वेगळीच होती.

यात एक गोष्ट बघा. साठात नऊ सेटना अल्टरेशन लागलं. मापाची अक्कल पुराच्या वर्षी आली नसती तर हा आकडा कितीवर गेला असता? मग ते ५०० पण नसते, उलट घरातूनच भरावे लागले असते. पुढच्या वर्षी मी वाहतूक आणि अल्टरेशन धरूनच भाव काढला आणि जूनच्या तोंडावर छोटा गाळा घेतला.

सेवा आणि धंदा, मध्ये एक रेघ

ही रेघ ओढली नाही तर नाव खराब होतं आणि छोट्या गावात नाव गेलं की धंदा गेला.

• ज्या समितीवर तुम्ही आहात, तिला स्वतःचा माल विकू नका. माझ्या मुलांच्या शाळेची ऑर्डर घेण्याआधी मी पालक-शिक्षक संघातून राजीनामा दिला आणि ते लेखी दिलं.
• संस्थेकडची फोन नंबरांची यादी संस्थेची आहे. तिच्यावर जाहिरातीचे मेसेज टाकू नका. ज्यांनी स्वतःहून नंबर दिला त्यांनाच कळवा.
• मदत घेणाऱ्या माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो धंद्याच्या प्रचारात वापरू नका. पूरग्रस्त पोराचा फोटो लावून गणवेश विकायचा, हे मला तरी जमणार नाही.

धंदा सुरू करायची वेळ आली की

उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. महाराष्ट्रात कामगार कमी असतील तर दुकानासाठी परवान्याऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते, ज्याला आपण अजून 'शॉप अॅक्ट' म्हणतो. खाण्याचे पदार्थ असतील तर घरून केले तरी एफएसएसएआयची नोंदणी हवीच. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं. बँकेत "काय करणार, किती विकणार, कुणाला विकणार" असं विचारतील. तिथे तुमची ती पाच ओळींची वही कामाला येते. ग्रामीण भागात असाल तर बँकांमार्फत चालणाऱ्या आरसेटी केंद्राची चौकशी करा. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात एक आहे आणि प्रशिक्षण मोफत असतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. मागच्या दहा वर्षांत फुकट केलेली पाच कामं लिहा. प्रत्येकापुढे एक आकडा हवाच: किती माणसं, किती रुपये, किती दिवस.
२. त्यातल्या कोणत्या कामात तुम्ही वेळ विसरलात, त्याला गोल करा.
३. त्या गोलाजवळची एक संस्था, शाळा किंवा मंडळ शोधा आणि प्रत्यक्ष जाऊन भेटा.
४. कामाची सुरुवातीची तारीख लिहा. तिच्याच खाली शेवटची तारीख लिहा. मग ते पान घरात सगळ्यांना दिसेल असं फ्रिजवर लावा.

चौथा मुद्दा घरच्यांसाठीही आहे. "ही रोज कुठे जाते?" या प्रश्नाला दर वेळी तोंडाने उत्तर द्यावं लागत नाही. तारीख दिसते, आणि मग सासूबाईच विचारतात, "झाले का गं तुझे तीन महिने? पुढे काय ठरवलंस?"

त्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. पुढच्या भागात पहिल्या ऑर्डरचा भाव कसा काढायचा ते शिकू, तोपर्यंत वही भरत राहा.

भेटूया!